सायकल कुठवर न्यायची? अमेरिकेतल्या राखीव रानांचे नियम आणि खर्च

दंडाचा आकडा आधी सांगून टाकतो. अमेरिकेच्या वनखात्याच्या ताब्यातल्या आणि कायद्याने ‘वाईल्डरनेस’ म्हणून राखलेल्या रानात सायकल घेऊन शिरलात, तर जास्तीत जास्त ५,००० डॉलर दंड, सहा महिने कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सायकल चालवायलाच हवी असं नाही. हाताने ढकलत नेली, खांद्यावर टाकून नेली किंवा आत नेऊन झाडाला टेकवून ठेवली, तरी नियम मोडलाच. सायकल नुसती जवळ बाळगणंही तिथे मना आहे.

व्यवहारात सायकलवाल्याला कोणी तुरुंगात डांबत नाही आणि तिकिटावरची रक्कमही ५,०००च्या बरीच खाली असते. पण हे पार्किंगचं तिकीट नव्हे. हा केंद्र सरकारच्या नियमाचा भंग आहे आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तो पैशांपेक्षा वेगळ्याच बाजूने महाग पडू शकतो. त्याबद्दल पुढे बोलू.

उन्हाळा आला की बे एरिया, सिअ‍ॅटल, डेन्व्हर, फिनिक्स इथल्या मराठी घरांत सायकलींना हवा भरली जाते. गाडीच्या मागे रॅक लावायचा, मुलांच्या सायकली अडकवायच्या आणि डोंगर गाठायचा. त्यातच भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भाड्याची सायकल घेऊन कान्हेरीच्या रस्त्याला लागायची सवय असलेल्या माणसाला वाटतं, इथेही तसंच असेल. दारात पैसे भरले की आत मोकळं रान. इथे मात्र दारातले पैसे आणि आतली परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश फी भरली म्हणून सायकलला वाट मिळत नाही, आणि जिथे सायकलला उत्तम वाट मिळते अशा अनेक ठिकाणी एक डॉलरही पडत नाही.

नियम काय आहे

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाईल्डरनेस कायद्यावर सही केली. या रानांत रस्ता नको, मोटार नको, मोटरबोट नको, विमान उतरवायचं नाही, बांधकाम करायचं नाही आणि यांत्रिक वाहतुकीचा दुसरा कोणताही प्रकार चालणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. सायकलचं नाव कुठेच नाही. वनखात्याने १९६६ साली नियम केले तेव्हा निर्जीव शक्तीवर चालणाऱ्या वाहनांनाच यांत्रिक वाहतूक मानलं, म्हणजे पायाने चालणारी सायकल त्यातून सुटली. तेव्हा डोंगरात सायकल नेतंय कोण? माउंटन बाईकचा जन्म सत्तरच्या दशकातला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत, माउंट टॅमच्या उतारांवरचा. १९७७ साली वनखात्याने सायकलला मनाई केली आणि १९८४ साली ती पक्की झाली. वनखातं, राष्ट्रीय उद्यान सेवा, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, वन्यजीव सेवा अशा चार खात्यांकडे ही रानं आहेत. प्रत्येकाची नियमावली वेगळी, पण वाईल्डरनेसमध्ये सायकल नको यावर चौघांचं एकमत आहे.

ही रानं आज आठशेच्या वर आहेत. क्षेत्र ११ कोटी एकरांहून जास्त, आणि त्यातलं निम्मं एकट्या अलास्कात.

नियम बदलण्याचे प्रयत्न झाले. २०१६ साली युटाचे सिनेटर माइक ली आणि ऑरिन हॅच यांनी, आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी टॉम मॅक्लिंटॉक यांनी सायकलला वाट मोकळी करणारी विधेयकं आणली. दोन्ही मंजूर झाली नाहीत. खुद्द सायकलवाल्यांतच फूट होती. वाईल्डरनेसचा कायदा एकदा उघडला की सायकलीमागून खाणवाले आणि लाकूडवालेही आत येतील, ही भीती अनेकांना होती. मला स्वतःला हा नियम थोडा ताठर वाटतो. खुरांनी वाट उकरत जाणारी सामानाच्या घोड्यांची रांग त्याच पायवाटेवरून रुबाबात जाते आणि बारा किलोची सायकल मात्र बाहेर उभी राहते, याचं समर्थन करणं सोपं नाही. पण हा वाद घालायची जागा वॉशिंग्टनला आहे. ट्रेलहेडवर रेंजरशी घातलात तर दिवस वाया जाईल, दुसरं काही होणार नाही.

एक अपवाद मात्र घरात कोणाला चालायला त्रास असेल तर माहीत असावा. अपंग व्यक्तीची व्हीलचेअर वाईल्डरनेसमध्येही चालते, बॅटरीवरची असली तरी. १९९०च्या अपंग हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. अट एवढीच की ती खुर्ची केवळ चालता न येणाऱ्या माणसासाठी बनवलेली आणि घरातही वापरता येण्याजोगी हवी. हाताने फिरवायची तीनचाकी सायकल या सवलतीत बसत नाही. सामान ओढायची चाकांची गाडीही चालत नाही, तेव्हा कॅम्पिंगचं ओझं पाठीवरच.

रेघ ओळखायची कशी

इथेच बहुतेकांची गफलत होते. नकाशावर हिरवं दिसतं ते सगळं वाईल्डरनेस नसतं. ‘नॅशनल फॉरेस्ट’ हा मोठा पट्टा असतो आणि वाईल्डरनेस हा त्यातला काढून ठेवलेला तुकडा. नॅशनल फॉरेस्टच्या पायवाटांवर सायकल बहुतेक ठिकाणी चालते, जोवर पाटी नाही म्हणत नाही तोवर. नॅशनल पार्कमध्ये हिशेब नेमका उलटा. सायकल गाडीरस्त्यावर आणि पार्किंगमध्ये चालते; पायवाटेवर मात्र ती वाट सायकलसाठी मुद्दाम खुली केलेली असेल तरच. योसेमिटीचं जवळजवळ ९५ टक्के क्षेत्र वाईल्डरनेस आहे. तिथे सायकल म्हणजे दरीतल्या डांबरी सायकलवाटा आणि रस्ते, बाकी सगळं पायी.

जमिनीवर ही रेघ दिसते कशी? मोठ्या वाटेवर तपकिरी लाकडी फळा असतो, त्यावर कोरलेल्या अक्षरांत रानाचं नाव आणि खाली ‘वाईल्डरनेस’. तो ओळखू येतो. पण आडवाटेने आलात तर अशी फळी झाडाला हाताएवढी ठोकलेली असते, उन्हाने विटलेली, कधी शेवाळलेली. काही ठिकाणी तर कमरेएवढा चपटा तपकिरी प्लास्टिकचा खांब आणि त्यावर एकाखाली एक चिकटवलेली बोटभर चित्रं: चालणारा माणूस, घोडा आणि लाल तिरप्या रेघेखाली सायकल. उतारावर वेगात असाल तर हा खांब दिसत नाही. म्हणून रेघ घरी बसून पाहायची. वनखात्याच्या नकाशात वाईल्डरनेस वेगळ्या छटेत दाखवलेलं असतं, आणि ट्रेलच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये वाईल्डरनेसचा थर चालू करता येतो. तो चालू करून आपली वाट त्यावर ठेवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्याने अपलोड केलेल्या रेकॉर्डिंगवर भिस्त ठेवू नका. कोणीतरी तिथून सायकल नेली एवढंच त्यातून कळतं, नेणं कायदेशीर होतं का ते कळत नाही.

जुनी माहितीही धोक्याची. आयडाहोतल्या बोल्डर-व्हाइट क्लाउड्स डोंगरांत सायकलवाल्यांच्या लाडक्या वाटा होत्या. ऑगस्ट २०१५मध्ये तिथे तीन नवी वाईल्डरनेस जाहीर झाली आणि त्यातल्या कॅसल डिव्हाइड, अँट्झ बेसिन या वाटा सायकलला बंद झाल्या. २०१५च्या आधीचं गाइडबुक घेऊन गेलेला माणूस आज सरळ दंडाच्या हद्दीत शिरेल.

आणखी दोन नावं लक्षात ठेवा. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही वाट वाईल्डरनेसच्या बाहेरही सायकलला बंद आहे, १९८८पासून. पूर्वेची अ‍ॅपलेशियन ट्रेलही पायी चालणाऱ्यांचीच, काही छोटे टप्पे सोडून. उलट डेन्व्हरपासून ड्युरँगोपर्यंतच्या कोलोरॅडो ट्रेलवर सायकल चालते, मात्र वाटेत सहा वाईल्डरनेस लागतात आणि प्रत्येकाला वळसा घालावा लागतो. पहिल्या लॉस्ट क्रीक रानाचा वळसाच सत्तरेक मैलांचा आहे. ज्यांना ही वाट सायकलने पुरी करायची आहे त्यांनी जेवणखाण आणि मुक्कामाचा हिशेब वळशांसकट धरावा.

दारातले पैसे

दर दरवर्षी थोडे हलतात. खाली दिले आहेत ते २०२६च्या सुरुवातीचे.

नॅशनल फॉरेस्टला सहसा प्रवेश फी नसते. पैसे लागतात ते ट्रेलहेडच्या पार्किंगला. वॉशिंग्टन आणि ऑरेगनमध्ये त्यासाठी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो, दिवसाला ५ डॉलर किंवा वर्षाला ३०. दक्षिण कॅलिफोर्नियात अ‍ॅडव्हेंचर पास, त्याचा दरही तोच. सेडोनात रेड रॉक पास: दिवसाला ५, आठवड्याला १५, वर्षाला २० डॉलर. केंद्राचा ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा ८० डॉलरचा वार्षिक पास काचेवर असेल तर या तिन्ही ठिकाणी वेगळा पास घ्यायची गरज नाही. सिअ‍ॅटलच्या मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं की राज्याचा डिस्कव्हर पास वेगळा असतो. तो ऑक्टोबर २०२५पासून वर्षाला ४५ डॉलर झाला आहे आणि तो केंद्राच्या जागेत चालत नाही, तसा केंद्राचा पास राज्याच्या जागेत चालत नाही. काचेवर चुकीचा पास लावून ‘पास तर आहे की’ म्हणणारे दर शनिवारी भेटतात.

नॅशनल पार्कची गोष्ट निराळी. योसेमिटी, ग्रँड कॅनियन, अकेडिया अशा मोठ्या उद्यानांना एका गाडीमागे सात दिवसांचे ३५ डॉलर पडतात. गाडी बाहेर ठेवून सायकलवर आलात तर माणशी २०. म्हणजे एकटा असेल तर सायकलने शिरणं स्वस्त, दोघे असले की गाडीच स्वस्त. १६ वर्षांखालची मुलं फुकट.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र १ जानेवारी २०२६पासून गणित पार बदललं आहे. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या प्रौढाला अकरा मोठ्या उद्यानांत नेहमीच्या फीशिवाय माणशी १०० डॉलर जादा पडतात. यादीत योसेमिटी, सेक्वोया-किंग्ज कॅनियन, ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस, यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्लेशियर, रॉकी माउंटन, अकेडिया आणि एव्हरग्लेड्स आहेत. आई-बाबांना घेऊन योसेमिटीला गेलात तर गाडीचे ३५ आणि दोघांचे २००, असे २३५ डॉलर दारातच गेले. बाहेरच्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. एकाच सुट्टीत या यादीतली दोन-तीन उद्यानं करायची असतील तर तो सरळ परवडतो. इथे राहणाऱ्यांना ८० डॉलरच्या पासासाठी अमेरिकेतलं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. ते बरोबर ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

आई-बाबांकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२च्या पुढे असेल, तर त्यांच्या नावाने ८० डॉलरचा आजीवन ज्येष्ठ पास काढा. एकदाच पैसे, मग हयातभर चिंता नाही, आणि गाडीतले बाकीचेही त्यावर आत जातात. घरात चौथीतलं मूल असेल तर त्याच्या नावाने वर्षभराचा फुकट पास निघतो. या दोन सवलती आपल्या लोकांना फारशा माहीत नसतात.

सायकल स्वतःची नसेल तर भाडं हा खरा मोठा खर्च. मोआब किंवा टाहोला चांगल्या माउंटन बाईकचं दिवसाचं भाडं साधारण १०० डॉलर आणि पुढे. रस्त्यावरची साधी सायकल त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळते. गाडी भाड्याची असेल तर तिला सायकलचा रॅक लावायला अनेक कंपन्यांच्या करारात मनाई असते, आधी करार वाचा. विमानाने नेणार असाल तर काही मोठ्या कंपन्या ५० पौंडांच्या आतली, खोक्यात नीट बांधलेली सायकल साध्या चेक-इन बॅगेच्याच दराने नेतात. ५० पौंडांच्या वर गेलात की जादा वजनाचा आकार बसतो, तेव्हा हत्यारं आणि कुलूप दुसऱ्या बॅगेत टाका.

कुठे जावं

बे एरियातल्यांसाठी माझं पहिलं नाव पॉइंट रेयेस. प्रवेश फी नाही. उद्यानाचा मोठा भाग फिलिप बर्टन वाईल्डरनेस आहे, पण त्यातून काही पट्टे सायकलसाठी मोकळे ठेवले आहेत. बेअर व्हॅली ट्रेलवर सुरुवातीचे ३.२ मैल, ग्लेन ट्रेलच्या फाट्यापर्यंत, सायकल नेता येते. तिथे सायकल लावायची आणि पुढे समुद्रापर्यंत पायी जायचं. चढ इतका सौम्य की शाळकरी पोरंही निभावून नेतात. लगुना ट्रेलहेडपासून कोस्ट कॅम्पपर्यंतचे २.८ मैलही सायकलला खुले आहेत. फाट्यापुढे सायकल ढकलत नेण्याचा मोह टाळा. ते रान आहे आणि रेंजर तिथे फिरतात. माउंट टॅमवर मातीचे रुंद फायर रोड सायकलला खुले आहेत, अरुंद पायवाटा बहुतेक बंद. तिथली वेगमर्यादा ताशी १५ मैल, वळणावर आणि लोकांच्या जवळून जाताना ५. ती मोजायला रेंजर रडार घेऊन उभे राहतात, हे खरं वाटत नाही, पण खरं आहे.

लेक टाहोच्या भोवतीची टाहो रिम ट्रेल सुमारे १६५ मैलांची. डेसोलेशन, ग्रॅनाइट चीफ, माउंट रोझ ही तीन वाईल्डरनेस तिला लागतात, आणि पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल जिथे तिच्यात मिसळते तो भागही सायकलला बंद. उरलेला भाग मात्र पैसे वसूल करणारा आहे. टाहो मेडोज ते टनेल क्रीक रोड या टप्प्यावर सायकल फक्त सम तारखांना चालते. विषम तारखा चालणाऱ्यांच्या. भांडण मिटवण्याची ही रीत मला फार आवडते.

सिअ‍ॅटलजवळ स्नोक्वाल्मी नदीच्या मिडल फोर्क ट्रेलवर नेमकं उलटं: १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात, तेही विषम तारखांनाच सायकल. आजूबाजूला अल्पाइन लेक्स वाईल्डरनेस पसरलं आहे, त्यामुळे मुख्य वाट सोडून फाट्याला वळलात की हद्द ओलांडली. पार्किंगला नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो.

सेडोनात रेघ फार जवळून जाते. रेड रॉक-सीक्रेट माउंटन आणि मंड्स माउंटन ही दोन वाईल्डरनेस गावाला अगदी खेटून आहेत. बेल रॉक पाथवेवर सायकल खुशाल न्या. लाल खडकांचं दृश्य तिथूनही सुरेख दिसतं. पण बेल रॉक हा सुळका स्वतः वाईल्डरनेसमध्ये आहे. तेव्हा सायकल खाली लावा आणि वर पायी जा.

युटात कॅनियनलँड्सचा व्हाइट रिम रोड हा शंभर मैलांचा कच्चा रस्ता आहे. तो रस्ता असल्यामुळे सायकलला खुला. गाडीमागे ३० किंवा सायकलवर माणशी १५ डॉलर फी, आणि त्याशिवाय एक दिवसाच्या फेरीलाही वेगळा परवाना काढावा लागतो. वसंत आणि शरद ऋतूंतल्या शनिवार-रविवारी परवाने लवकर संपतात. पाणी वाटेत कुठेच मिळत नाही. घरात कोणी नवशिका असेल तर हा बेत रद्द करा. इथे हौसेपेक्षा पाय महत्त्वाचे.

पूर्वेकडच्यांनी, विशेषतः व्हर्जिनिया-मेरिलँडच्या मंडळींनी, डोंगरातल्या वाईल्डरनेसच्या नादी न लागता सरळ सी अँड ओ कालव्याची वाट धरावी असं माझं प्रामाणिक मत आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, पोटोमॅक नदीच्या काठाने, जवळजवळ सपाट. पूर्वी खेचरं जिथून बोटी ओढत नेत त्या वाटेवरून आज सायकली जातात. राष्ट्रीय उद्यान सेवेची ही जागा ग्रेट फॉल्सचं दार सोडून फुकट आहे. तिथे गाडीमागे २०, सायकलवाल्याला १० डॉलर. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी फुकट कॅम्पच्या जागा आहेत: हातपंप, बाकडं, चूल, संडास. आगाऊ नोंदणी नाही, आधी येईल त्याला जागा, एका जागी एक रात्र. चार जणांच्या कुटुंबाची दोन दिवसांची सहल इथे पेट्रोल आणि शिध्याच्या खर्चात होते. पंपाच्या पाण्याची चव सगळ्यांना रुचत नाही, तेवढं पाणी घरून न्या.

बॉस्टन-न्यू जर्सीच्या लोकांना अकेडिया दूर आहे, पण जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी बांधून घेतलेले तिथले ४५ मैलांचे खडीचे घोडागाडी रस्ते सायकलला खुले आणि मोटारीला बंद आहेत. लहान मुलांना घेऊन निर्धास्त फिरावं अशी जागा. फी मात्र वर सांगितली तशी, आणि पाहुण्यांच्या जादा फीच्या यादीत अकेडियाही आहे.

ई-बाईक असेल तर

आई-बाबांसाठी ई-बाईक घेणारी घरं वाढली आहेत आणि प्रश्नही वाढले आहेत. अमेरिकेत तिचे तीन वर्ग आहेत. पहिला, पायडल मारलं तरच मोटर मदत करते, ताशी २० मैलांपर्यंत. दुसरा, थ्रॉटलवाला, तोही २० मैलांपर्यंत. तिसरा, पायडलला मदत पण २८ मैलांपर्यंत. वाईल्डरनेसमध्ये तिन्ही बंद. वनखातं ई-बाईकला मोटारवाहन मानतं, त्यामुळे ज्या पायवाटेवर साधी सायकल चालते तिथेही ई-बाईकला मनाई असू शकते. नॅशनल पार्कमध्ये त्या त्या उद्यानाचा अधिकारी ठरवतो. अकेडियाच्या खडीच्या रस्त्यांवर फक्त पहिला वर्ग चालतो. तेव्हा अजून घेतली नसेल तर पहिल्या वर्गाचीच घ्या. थ्रॉटलच्या सोयीपायी निम्म्या वाटा बंद करून घेण्यात शहाणपण नाही. विमानाने ई-बाईक नेण्याचा विचार करू नका. १६० वॉट-तासांच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात घेतच नाहीत आणि ई-बाईकची बॅटरी त्याहून बरीच मोठी असते. मुक्कामाच्या गावी भाड्याने घ्या.

तिकीट मिळालंच तर

रेंजरशी हुज्जत घालू नका, नाव खोटं सांगू नका. त्याने साध्या तिकिटाचं मोठं प्रकरण होतं. तिकिटावर रक्कम आणि तिच्यावर ३० डॉलरची प्रक्रिया फी असते. किती रक्कम ते त्या भागातल्या केंद्रीय न्यायालयाच्या दरपत्रकावर ठरतं. काही तिकिटांवर पैसे भरून सुटका होते, काहींवर न्यायालयात हजर राहणं सक्तीचं असतं. कोणत्या चौकटीत खूण आहे ते पाहा. तिकीट कपाटात टाकून विसरलात तर समन्स किंवा वॉरंट निघू शकतं.

आता सुरुवातीला म्हटलं ते. पैसे भरणं म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरू शकते आणि त्याची नोंद सार्वजनिक होऊ शकते, असा इशारा त्या तिकिटावरच छापलेला असतो. एच-१बीवर, एफ-१वर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर पुढच्या अर्जांत अटक आणि दोषसिद्धीबद्दल प्रश्न येतातच. म्हणून पैसे भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा. सल्ल्याची फी दंडापेक्षा जास्त होईल कदाचित, पण इथे काटकसर करू नका.

पडलात तर

बचावाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो हे राज्यागणिक वेगळं आहे. राष्ट्रीय उद्यान सेवा शोध-बचावाचे पैसे आकारत नाही. पण हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्स खासगी असेल तर तिचं बिल हजारो डॉलरचं येतं. कोलोरॅडोत ५ डॉलरचं वार्षिक बचाव कार्ड मिळतं; त्यातून बचाव पथकांच्या खर्चाची भरपाई होते, मात्र तो आरोग्य विमा नव्हे. न्यू हॅम्पशायरमध्ये २५ डॉलरचं, कुटुंबासाठी ३५ डॉलरचं कार्ड घेतलं की निष्काळजीपणामुळे लागलेल्या बचावाचं बिल माथी येत नाही.

पाहुण्यांचा प्रवास विमा मात्र उघडून वाचा. अशा अनेक पॉलिसींत माउंटन बायकिंग ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं असतं. डांबरी सायकलवाटेवरचा अपघात आणि डोंगरातल्या पायवाटेवरचा अपघात यांत विमा कंपनी फरक करू शकते. पॉलिसी घेताना विमावाल्याला हा प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच मागवा. तोंडी ‘हो हो, कव्हर आहे’ दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाच्या रेंजर स्टेशनला फोन करून तीनच गोष्टी विचारा: वाट खुली आहे का, तिच्यावर सायकल चालते का, आणि वणव्यामुळे किंवा दरड कोसळल्यामुळे काही बंद आहे का. बहुतेक ठिकाणी माणूस फोन उचलतो आणि नीट सांगतो. टाहोच्या टप्प्यावर जाणार असाल तर कॅलेंडरही पाहा. महिना ३१चा असेल तर ३१ आणि लगेच पुढची १, या दोन्ही विषम तारखांना तिथे सायकल बंद असते. मिडल फोर्कवर मात्र जून ते ऑक्टोबरमध्ये तेच दोन दिवस लागोपाठ खुले मिळतात.